चाळीस फुटांचं घर, दहा फुटांचे चार गाळे

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडवरून जुन्या बाजारचौकात जायला एक गल्ली आहे. चालत गेलं तर चार-पाच मिनिटांची. माझ्या शाळेच्या दिवसांत तिथे दोन्ही अंगांना घरं होती, काही धाब्याची म्हणजे मातीच्या सपाट छताची, काही कवेलूची. प्रत्येक घरापुढे ओटा, आणि संध्याकाळी ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलं. आज ओटा एकच उरलाय आणि त्यावर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यानं जाळी टांगली आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या घराची हकीकत पुढे येते ते चौघा भावंडांचं आहे. चौघंही मला ओळखतात, आणि नाव छापलं की उद्या त्यांच्या दुकानापुढून जाताना मलाच मान खाली घालावी लागेल.

नकाशे काढून देणं हा माझा धंदा. घर बांधायचं असो, वाटणी करायची असो की बँकेत कागद लावायचे असोत, टेप घेऊन मला बोलावतात. या गल्लीतली अर्ध्याहून जास्त घरं मी आतून मोजली आहेत. गल्ली बाजार कशी झाली असं गावात कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: महामार्ग चौपदरी झाला, नगरपंचायत आली, गाव सुधारलं. त्यात खोटं काही नाही. पण माझ्या टेपेनं जे दाखवलं ते थोडं वेगळं आहे. रस्त्यानं गिऱ्हाईक आणलं. गाळे पाडले ते वाटण्यांनी.

त्यासाठी आधी जुनं घर कसं होतं ते सांगायला हवं. जुन्या गावठाणातली जागा रुंदीला बेताची आणि खोलीला लांबलचक. पुढे ओटा, मग छपरी, मग बैठक, तिथे आढ्याला टांगलेली बंगई, म्हणजे झोपाळा. बैठकीमागे अंगण, अंगणाच्या कडेनं सैपाकघर आणि न्हाणी, त्यामागे विहीर, आणि शेवटी बैलांचा कोठा व मागचं दार. हे घर राहण्यासाठी जितकं होतं तितकंच शेतीसाठी. दिवाळीनंतर बैठकीत छताला टेकेल इतकी कापसाची गंजी लागायची आणि आम्ही पोरं तिच्यावर उड्या मारायचो. 1972 च्या हंगामापासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी योजनेलाच विकायचा. कापूस संकलन केंद्रावर न्यायचा, बैलगाड्यांच्या रांगेत रात्र काढायची आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. पैसा वर्षातून दोन-चार वेळा यायचा, म्हणून बाजारही आठवड्यातून एकदाच भरायचा. रोज उघडणारी दुकानं चौकात होती, तेवढी पुरत.

दुकान या गल्लीत अगदीच नव्हतं असं नाही. एका छपरीत शिंपीकाका मशीन घेऊन बसत, एका घराच्या पडवीत पिठाची चक्की होती. पण ते घरातलं काम होतं. चक्कीवाल्या काकू हाताला पीठ लागलेलंच असताना आत जाऊन भाकर टाकून यायच्या.

शटर पहिल्यांदा लागलं ते फोनमुळे. नव्वदीच्या दशकात एसटीडी-पीसीओचे पिवळे बोर्ड गावोगावी लागले. आमच्या गल्लीत एका घरच्या धाकट्यानं ओट्यावरच काचेची केबिन उभी केली, मागची भिंत फोडली आणि बैठकीचं दार शटर करून टाकलं. त्याचं बघून लोकांना कळलं की ओट्यामागची ती दहा बाय बाराची खोली महिन्याला रोख पैसा देऊ शकते. शेतीनं तोवर असा पैसा कधी दिला नव्हता.

त्यानंतर आली ती कृषी केंद्रं. 2002 मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याआधी बरेच शेतकरी सरकी घरचीच ठेवत. बीटीची पाकिटं मात्र दरवर्षी विकत घ्यावी लागतात, त्यामागे खत, मग फवारणीची औषधं. मे-जूनमध्ये बियाण्यासाठी गर्दी, जुलै-ऑगस्टमध्ये युरियासाठी आणि पुढे औषधासाठी. शिवाय उधारी. उधारीचा धंदा करायचा तर दुकान बसस्टँडच्या जवळ हवं, म्हणजे खेड्यावरून आलेला माणूस उतरला की नजरेत पडतो. एकामागून एक अशी पाच कृषी केंद्रं याच गल्लीत लागली. बैठकीतल्या गंजीच्या जागी खताच्या थैल्यांची थप्पी आली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती नकाशात दिसत नाही. जिथे खाण्याच्या वस्तू साठवतात वा विकतात त्या इमारतीत कीटकनाशकं ठेवू नयेत, असा कीटकनाशकांच्या नियमांत साफ निर्देश आहे. दुकानाशेजारी किराणा नको हे सगळ्यांना समजतं. पण पुढे औषधाचं दुकान आणि मागे त्याच छताखाली घरमालकाचं सैपाकघर, याकडे कोणी तसं बघत नाही. अशा एका घराची वरची खोली मोजायला गेलो होतो. पावसाळी दुपार, खिडक्या बंद, आणि जिन्यातच तो वास नाकात शिरला. घरातली सून म्हणाली, "आमाले नाही येत जी वास आता." 2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्या हंगामानंतर त्या घरानं दुकान आणि घर यांच्यामधलं दार विटांनी बुजवून घेतलं. जिना मात्र तोच आहे.

आता ते चाळीस फुटांचं घर. रस्त्याकडची रुंदी 40 फूट, खोली 110. गल्लीतलं सगळ्यात रुंद. वडील 2003 मध्ये गेले. मागे आई, तीन मुलगे, एक मुलगी. थोरले दादा शेती बघायचे, मधला शिक्षक, धाकटा बेकार म्हणून घरीच. ताई वर्धा जिल्ह्यात दिलेली. सात-आठ वर्षं तशीच गेली. मग धाकट्याचं लग्न झालं, सैपाकघरात दोन चुली झाल्या, आणि मला बोलावणं आलं.

वाटणी दोन तऱ्हेनं होते. आडवी केली तर एकाला पुढचं घर, दुसऱ्याला मधलं, तिसऱ्याला मागचं, आणि मागच्यांसाठी बाजूनं चार फुटांचा रस्ता सोडायचा. राहायला ही वाटणी बरी, कारण प्रत्येकाला चौरस जागा मिळते, खिडक्या मिळतात. उभी केली तर रस्त्यापासून मागच्या दारापर्यंत चिरे पडतात आणि प्रत्येकाचं तोंड रस्त्यावर येतं. मी दोन्ही काढून नेल्या. आडवी वाटणी दादांनी पाच मिनिटंसुद्धा बघितली नाही. "मागं कोन जाईन?" एवढंच म्हणाले. पुढचा भाग घेणाऱ्यानं मागच्याला पैसे द्यावेत असाही तोडगा निघाला होता. पण पुढच्या जागेची किंमत ज्यानं त्यानं मनात शेजारच्या कृषी केंद्राच्या भाड्यावरून ठरवली होती आणि तेवढा पैसा तिघांपैकी कोणाकडेच नव्हता.

तिघांनी गृहीत धरलं होतं की ताई सही देईल. आमच्याकडे चाल तीच आहे. भाऊ गाडी करून बहिणीला आणतात, साडी घेतात, नाममात्र मुद्रांकावर हक्कसोड होतो, आणि बहिणीला वर्षातून दोनदा माहेर मिळतं. यावेळी ताई आली, जेवली आणि म्हणाली, सही करत नाही. 2005 च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळाला, पण बाप त्याआधीच गेला, म्हणून तिला काही नाही, असं भावांना कोणी तरी सांगितलं होतं. ते चूक होतं. महाराष्ट्रानं हा हक्क 22 जून 1994 पासूनच दिला होता, त्या दिवशी जिचं लग्न झालेलं नव्हतं तिला. ताईचं लग्न 1999 चं. 2005 च्या कायद्यासाठीही तो लागू झाला त्या तारखेला बाप जिवंत असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पुढे 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. ताईला कलमं ठाऊक नव्हती. तिला एवढंच ठाऊक होतं की नवऱ्याच्या दोन एकरांत भागत नाही.

चार हिस्से. चाळीस भागिले चार.

दहा फुटांच्या पट्टीत घर होत नाही, हे मी दोन तास कागदावर खटपट करून सांगितलं. भावाभावांत सामाईक भिंत कोणालाच नको होती, म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना आपापली नऊ इंची भिंत. उरली साडेआठ फुटांची जागा. तीन फूट जिन्याला गेले की खोली आगगाडीच्या डब्यासारखी. मधे अंगण ठेवलं तर छत फुटतं, नाही ठेवलं तर उजेड नाही. पण तीच साडेआठ फूट जागा दुकानाला इतकी बरोबर बसते की जणू मापानंच कापली. आठ फुटांचं शटर, आत काउंटर, काउंटरमागे एक माणूस. चौघांनाही घर नको झालं होतं असं नाही. जे हातात आलं त्याचं दुसरं काहीच होत नव्हतं. चार पट्ट्यांना मिळून आठ भिंती उभ्या राहिल्या. चाळीस फुटांपैकी सहा फूट नुसत्या विटा.

त्यानंतर गल्लीत मी जेवढ्या वाटण्या मोजल्या त्या सगळ्या उभ्या. तीस फुटांत तिघं, पंचवीस फुटांत दोघं, एका ठिकाणी तर साडेसहा फुटांचा गाळा आहे. त्यात घड्याळं दुरुस्त करणारा बसतो, गिऱ्हाईक बाहेरच उभं राहतं.

घर पाडताना धाब्याची माती ट्रॉल्या भरभरून शेतात गेली. गावठाणाला आपण पांढरी म्हणतो आणि शेताला काळी. जुन्या घराची ही माती काळीत टाकली तर पीक जोर धरतं, म्हणून शेजारचे शेतकरी स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले होते. सागाच्या खांबांना गिऱ्हाईक लगेच मिळालं. बंगईच्या कड्या दादांनी काढून ठेवल्या, त्या अजून पोत्यात आहेत.

बांधायला पैसा कुठून आला, हे या साऱ्या बदलातलं कळीचं आहे आणि याबद्दल बोलणं मात्र कमी होतं. बँक जुन्या गावठाणात सहज कर्ज देत नाही. ग्रामपंचायतीच्या काळात घराचा कागद म्हणजे नमुना 8 चा उतारा. तो कर आकारणीचा दाखला आहे, मालकीचा नाही. मग पैसा दिला भाडेकऱ्यानं. गाळा उभा राहण्याआधीच अनामत घ्यायची, त्यातून पाया आणि कॉलम, पुढच्या हप्त्यात स्लॅब, आणि अनामत भाड्यातून फेडायची. म्हणजे आपल्याच गाळ्याचं भाडं पहिली दोन-तीन वर्षं मालकाच्या हातात पडत नाही. म्हणूनच इथल्या इमारती खाली चकचकीत आणि वर उघड्या सळ्यांच्या. वरचा मजला बांधायला पुन्हा नवा भाडेकरू लागतो.

तो भाडेकरू मिळाला नगरपंचायतीनंतर. 2014-15 च्या सुमारास राज्यानं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. त्यात आमचं गाव आलं. तहसील, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक ही कार्यालयं आधीपासून होतीच. आता त्यांच्याभोवतीचा पसारा वाढला: स्टॅम्पवेंडर, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म भरणारे. 2019 मध्ये पीएम-किसान आलं, केवायसीच्या रांगा लागल्या. 2024 च्या जुलैमध्ये लाडकी बहीणच्या अर्जांना तर बाया सकाळी सहापासून गल्लीत बसून असायच्या. ताईच्या गाळ्यात असंच एक केंद्र आहे. महामार्गाच्या कडेच्या टपऱ्या चौपदरीकरणात उठल्या, त्यातल्या काही इकडे आल्या. वरच्या मजल्यांवर शिकवणीचे वर्ग आले, आणि स्पर्धा परीक्षांची एक अभ्यासिका. तिथे पोरं रात्री अकरापर्यंत वाचतात आणि खाली पानठेला तोवर उघडा असतो.

कागद या बदलामागून लंगडत आले. घराचं दुकान झालं हे सर्वात आधी कळतं ते विजेच्या मीटरला. घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर 2003 च्या वीज कायद्याच्या 126 व्या कलमाखाली दुपटीच्या दरानं आकारणी होते, आणि कधीपासून वापर सुरू आहे ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. मधल्या भावाला असं बिल आलं तेव्हा तो माझ्याकडे नकाशा मागायला आला, जणू नकाशात मीटर घरगुती ठरेल. भाडेकराराची गंमत वेगळी. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं 55 वं कलम म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. गल्लीत मात्र अकरा महिन्यांचा नोटरी कागद चालतो. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर, 2024 च्या ऑक्टोबरपासून पाचशेच्या. अकरा महिने लिहिले की नोंदणी लागत नाही हा समज इतका घट्ट आहे की मी सांगणंच सोडलं. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, हे धाकट्याला एका मोबाइलवाल्यानं गाळा सोडायला दीड वर्ष लावलं तेव्हा कळलं.

करारात खरं भाडं न लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. नगरपंचायतीचा मालमत्ता कर वर्षाला किती भाडं येऊ शकतं यावर बसतो, त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा करून. म्हणून कागदावर भाडं अर्धं. दुकानदाराच्या बाजूनं तेवढी कटकट नाही. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असले तर नोंदणीच काढून टाकली, नुसती सूचना द्यायची.

गल्लीचं काय झालं? पायऱ्या पुढे आल्या, पायऱ्यांखाली नाली गेली. प्रत्येकानं आपल्यापुढे सिमेंटचा ढापा टाकला आणि त्यावर दुकानाचा माल. नाली साफ करायला ढापा उचलावा लागतो, आणि तो उचलायला कोणी तयार नसतं. पूर्वी पावसाचं पाणी अंगणांत मुरायचं, विहिरींत उतरायचं. आता सगळं छतांवरून एकदम रस्त्यावर येतं, आणि मृगाच्या पहिल्या जोराच्या सरीला बसस्टँडकडच्या गाळ्यांत घोटाभर पाणी असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी एक ते चार अर्धी शटरं अर्धवट ओढलेली. धाब्याच्या घरात या वेळेला माणूस चटई टाकून झोपायचा. स्लॅबखाली कूलरही गरम हवाच फेकतो. आणि बाया. दुकानात काम करणाऱ्या पोरी आता कितीतरी आहेत, पण साऱ्या गल्लीत त्यांना जाता येईल असं एकही संडास नाही. माझ्याच नकाशांत मी ते दाखवले होते. बांधताना तिथे साठ्याची जागा झाली.

एक घर मात्र अजून घर आहे, चौकाकडच्या टोकाला. तिथले काका निवृत्त कंपाउंडर, एकुलते एक, आणि त्यांनाही एकच मुलगा, तो पुण्यात. वाटणी झालीच नाही. गल्लीत ओटा उरलाय तो त्यांचाच. मोबाइलची कव्हरं लावणाऱ्याकडून ते भाडं घेत नाहीत. "बसते बिचारा, बोलाले कोनी तरी पायजे ना," म्हणतात. रस्ता त्यांच्याही दारावरून जातो, नगरपंचायत त्यांनाही तीच. एका घरावरून नियम ठरत नाही, हे मान्य. पण त्या घराकडे पाहूनच मला पहिल्यांदा वाटण्या मोजायची बुद्धी झाली.

चाळीस फुटांच्या घरातल्या आईचं राहिलं. कायद्यानं त्यांचाही हिस्सा होता. वाटणीच्या दिवशी मी तो काढून दाखवला, पण पाचात भागलं तर आठ फुटांच्या पट्ट्या पडत होत्या आणि शटर बसत नव्हतं. काकूच म्हणाल्या, राहू दे. "मले काय करायचं हाय बापू? कुरोड्या वाळवाले उनाची जागा ठेव फक्त." चारही पट्ट्यांच्या मागे कोठ्याच्या जागी त्यांना एक खोली मिळाली, पुढे आठ बाय दहाचं उघडं अंगण. मागचं दार शेजाऱ्याच्या बांधकामात बुजलं. आता त्यांचं येणं-जाणं थोरल्या दादांच्या गाळ्यातून. तिथे कपड्यांचं दुकान आहे. रात्री साडेनऊला शटर पडतं. एक किल्ली दुकानदाराकडे, एक दादांकडे. दादा आता महामार्गाकडच्या नव्या प्लॉटवर राहतात. एकदा रात्री काकूंना ताप चढला तेव्हा फोन करून किल्ली येईपर्यंत पाऊण तास गेला.

दोन वर्षांपूर्वी दादांनी बांधकाम नियमित करून घ्यायचं ठरवलं आणि नकाशा माझ्याकडेच आला. अर्ज व्यापारी वापराचा होता. त्यात मागे राहती खोली दाखवली असती तर वेगळा जिना, वेगळा रस्ता, खिडकीला मोकळी जागा, सगळेच प्रश्न निघाले असते. दादा म्हणाले, "काहीतरी करा जी." मंजूर नकाशाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. तळमजला, मागची बाजू, दहा फूट बाय बारा फूट. तिथे मी लिहिलंय: गोदाम.